दुखणं तेवढंच, भीती कमी

ब्रिटनमधल्या ७४ दवाखान्यांच्या याद्यांतून ८१२ माणसं निवडली. सगळी पन्नास किंवा त्याहून अधिक वयाची, सगळ्यांचे गुडघे किंवा खुबे कुरकुरणारे. सोडत काढून त्यांचे दोन गट केले. एका गटाला आपलं दुखणं आपणच सांभाळायला शिकवणाऱ्या सहा आठवड्यांच्या वर्गाला बोलावलं आणि एक माहितीपुस्तिका दिली. दुसऱ्या गटाच्या हाती नुसती पुस्तिका. वर्षभराने मोजमाप झालं. वेदना कमी झाल्या? नाही. चालणं-उठणं सुधारलं? नाही. डॉक्टरकडच्या फेऱ्या घटल्या? त्याही नाहीत. फक्त वर्गाला बोलावलेल्यांची चिंता थोडी उतरली होती आणि ‘माझं मला सांभाळता येईल’ हा भरवसा थोडा चढला होता. २००६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हा निकाल छापून आला. तेव्हापासून संधिवाताच्या रुग्णांसाठीचे स्वव्यवस्थापनाचे वर्ग म्हणजे गोड बोलून वेळ घालवणं, असं म्हणणाऱ्यांच्या हाती एक पक्कं हत्यार आलं.

मला हा निकाल अपयशाचा वाटत नाही. वर्गाने जे द्यायला हवं होतं ते थोडंबहुत दिलं. खोटी होती ती जाहिरात. दुखणं कमी होईल आणि सरकारचा खर्च वाचेल, असं सांगून हे वर्ग विकले गेले आणि त्या दोन्ही कसोट्यांवर ते नापास झाले. आता आपल्याकडेही ‘आपला आजार आपल्या हाती’ अशी भाषा रुजू लागली आहे, म्हणून ही गोष्ट मुळापासून पाहायला हवी.

सुरुवात कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात, १९७०च्या दशकाच्या शेवटी. केट लोरिग नावाच्या परिचारिका आणि संशोधक, आणि त्यांच्यासोबत हॉल्स्टेड होल्मन हे संधिवाताचे डॉक्टर. त्यांनी जो वर्ग आखला त्यात आठवड्यातून एकदा दहा-पंधरा माणसं दोन तास एकत्र बसत. शिकवायला दोघं, आणि ती दोघं बहुधा डॉक्टरही नसत की नर्सही. स्वतः संधिवाताने गांजलेली साधी माणसं, थोडं प्रशिक्षण घेऊन हातात ठरलेलं टिपण धरून वर्ग चालवणारी. व्यायाम, विश्रांती, औषधं, डॉक्टरशी बोलायचं कसं, रात्री झोप लागली नाही तर काय करायचं, असे विषय. यातलं बरंचसं कुठल्याही पुस्तिकेत सापडेल. न सापडणारी गोष्ट एकच, ती म्हणजे दर आठवड्याचा ठराव.

ठराव स्वतःचा स्वतः करायचा. काय करणार, किती, कधी आणि आठवड्यातून किती दिवस, हे चारही सांगायचं. ‘व्यायाम करीन’ चालत नाही. ‘सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी चहाच्या आधी कोपऱ्यापर्यंत चालीन’ चालतं. मग वर्ग चालवणारी व्यक्ती विचारते, हे जमेल याची शून्य ते दहामध्ये किती खात्री? उत्तर सातच्या खाली आलं, तर ठराव लहान करायचा. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत आवडलेली गोष्ट हीच. आपल्याकडे संकल्प म्हटला की तो मोठा करायची हौस. पाडव्याला पहाटे पाचला उठायचं ठरतं आणि तृतीयेला मोडतं. इथे माणसाला पद्धतशीरपणे संकल्प लहान करायला शिकवतात. पुढच्या आठवड्यात येऊन चारचौघांत सांगायचं, जमलं की नाही. नाही जमलं तर कोणी रागावत नाही, सगळे मिळून अडचण कुठे आली ते शोधतात.

वर्गाला येणाऱ्यांना बरं वाटत होतं. पण का? संशोधकांचा अंदाज सरळ होता: माणसं व्यायाम करू लागली म्हणून दुखणं कमी झालं असणार. आकडे तपासले तेव्हा हा अंदाज कोसळला. ज्यांनी जास्त व्यायाम केला त्यांनाच जास्त बरं वाटलं, असं दिसेना. १९८९ साली त्यांनी हे प्रामाणिकपणे छापलं, की वर्गाचा फायदा वागणुकीतल्या बदलाने पुरेसा उलगडत नाही. मग ज्यांना बरं वाटलं त्यांच्यात वेगळं काय होतं? आजारावर आपला काहीतरी ताबा आहे, असं त्यांना वाटू लागलं होतं.

याचं स्पष्टीकरण त्याच विद्यापीठात दुसऱ्या इमारतीत बसलं होतं. अल्बर्ट बांडुरा हे मानसशास्त्रज्ञ सापाला घाबरणाऱ्या माणसांवर प्रयोग करत असत. आधी काचेआडून साप बघायचा, मग दारात उभं राहायचं, मग हातमोजे घालून हात लावायचा, आणि शेवटी साप मांडीवर. सापाबद्दलचं व्याख्यान ऐकून कोणाची भीती गेली नव्हती. ती गेली पायरी-पायरीने स्वतः करून पाहिल्यावर, आणि आपल्यासारखाच कोणी ते करताना दिसल्यावर. ‘मला हे जमेल’ या विश्वासाला बांडुरांनी १९७७ साली सिद्धान्ताचं रूप दिलं. लोरिग यांच्या लक्षात आलं की आपल्या वर्गात नकळत हेच चाललं आहे. मग त्यांनी ते जाणूनबुजून वर्गाच्या केंद्रस्थानी आणलं.

१९९३ साली चार वर्षांनंतरचे आकडे आले. वेदना सुमारे २० टक्क्यांनी कमी, डॉक्टरकडच्या फेऱ्या ४० टक्क्यांनी कमी. त्याच शोधनिबंधात तिसरा आकडाही होता, त्याच्याकडे फार कोणी बघत नाही: त्या चार वर्षांत या माणसांचं अपंगत्व ९ टक्क्यांनी वाढलं होतं. म्हणजे सांधे आपल्या गतीने झिजत होते. वर्गाने त्यांना अडवलं नव्हतं. हात-पाय अधिक वाईट झालेली माणसं आधीपेक्षा कमी दुखतंय म्हणत होती. मला विचाराल तर या तीन आकड्यांतला सर्वांत बोलका हा नऊ टक्क्यांचा आहे. वर्ग सांध्यावर चालत नाही, माणसावर चालतो, हे त्यातून कळतं.

पण धोरण आखणाऱ्यांच्या डोळ्यांत भरला तो चाळीसचा आकडा. २००१ साली ब्रिटिश सरकारने ‘एक्स्पर्ट पेशंट’ नावाची योजना मांडली. तिथले तेव्हाचे मुख्य वैद्यकीय अधिकारी लियाम डोनाल्डसन तिचे मोठे पुरस्कर्ते. जुन्या आजाराचा रुग्ण स्वतःच्या आजाराचा जाणकार असतो, तेव्हा त्याला तसं वागवावं, हा मूळ विचार उत्तमच. स्टॅनफर्डचाच वर्ग, आता सगळ्या जुन्या आजारांसाठी. २००६ मध्ये उद्दिष्ट जाहीर झालं: वर्षाला १२ हजार जागांवरून २०१२पर्यंत एक लाखावर. दुसऱ्याच वर्षी या योजनेची ६२९ रुग्णांवरची चाचणी छापून आली. विश्वास वाढला, थोडी ऊर्जाही वाढली. आरोग्यसेवेचा वापर काही घटला नाही.

कॅलिफोर्नियात चाललेलं इंग्लंडमध्ये का चाललं नाही? एक कारण अगदी साधं आहे. स्टॅनफर्डच्या वर्गाला आलेली माणसं जाहीर आवाहन ऐकून स्वतःहून नाव नोंदवणारी होती. ब्रिटनच्या त्या ८१२ जणांच्या चाचणीतली माणसं दवाखान्याच्या यादीतून निवडून बोलावलेली. जो स्वतःहून येतो त्याने अर्धा ठराव घरीच केलेला असतो. शिवाय त्या चार वर्षांच्या पाहणीत तुलनेचा गट अखेरपर्यंत टिकला नव्हता. सुरुवातीला थांबवून ठेवलेल्यांना चार महिन्यांनी वर्ग दिला गेला होता, आणि ते नैतिकदृष्ट्या बरोबरच होतं. पण दुखणं तर एरवीही कमी-जास्त होतं. सर्वांत वाईट काळात माणूस नाव नोंदवतो, त्यानंतर थोडं बरं वाटणं काळाचंही देणं असू शकतं. २०१४ साली कॉक्रेन या संस्थेने गुडघे-खुब्यांच्या झिजेवरच्या अशा वर्गांच्या २९ चाचण्या, ६,७५३ माणसं, एकत्र करून पाहिली. निष्कर्ष: फायदा नाही, किंवा असलाच तर लहान.

म्हणजे बंद करावेत हे वर्ग? इथे मी थांबतो, कारण गुडघेदुखीवर दुसरं काय आहे ते बघितल्याशिवाय ‘लहान’ या शब्दाला अर्थ नाही. पॅरासिटामॉल? ब्रिटनच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात, ते सरसकट देऊ नका. ग्लुकोसामाइन, जे आपल्याकडे महिनोन्महिने लिहून दिलं जातं? ते देऊच नका, असं त्याच सूचनांत आहे. व्यायाम? २०१५ साली ५४ चाचण्यांचा आढावा निघाला. त्यात व्यायामाने वेदना शंभरपैकी साधारण बारा गुणांनी कमी झाल्या होत्या. हे खरोखर चांगलं आहे. पण मग डेन्मार्कमधून एक गंमतशीर चाचणी आली. २०६ रुग्णांपैकी निम्म्यांना आठ आठवड्यांचा व्यायाम आणि शिकवणी, उरलेल्यांना गुडघ्यात मिठाच्या पाण्याची चार इंजेक्शनं. आणि हे मिठाचं पाणीच आहे, हे सांगून! दोन्ही गट सारखेच सुधारले. काही काळ त्या देशातल्या फिजिओथेरपिस्टांची झोप उडाली असणार. मला त्यातून व्यायाम निरुपयोगी असल्याचं दिसत नाही. इंजेक्शनवाल्यांनाही पुन्हापुन्हा कोणीतरी भेटत होतं, विचारपूस करत होतं, गुडघ्याला हात लावत होतं. या आजारात कुठल्याच एका उपायाने डोंगर हलत नाही, आणि ज्याची त्याची मोजणी एवढ्या कडक पट्टीने केली तर हातात फक्त शस्त्रक्रिया उरेल.

वर्गाचं माप वर्गाच्या कामाने घ्यावं. चिंता कमी झाली आणि भरवसा वाढला, हे ‘बाकी काही नाही, एवढंच’ म्हणून शेवटच्या ओळीत टाकायचे निकाल नव्हेत. ज्या बाईने पडायच्या भीतीने जिना सोडला आहे, तिच्यासाठी तेच मुख्य. माझी अट दुसरीच आहे. भरवसा वाढल्यावर पाऊल टाकायला समोर काहीतरी असलं पाहिजे: नीट निदान, योग्य औषध, देखरेखीखालचा व्यायाम. ब्रिटनमध्ये हे सगळं कमी-जास्त होतं, म्हणून तिथे वर्गाचा प्रश्न फक्त ‘पैसे वसूल झाले का’ एवढाच. आपल्याकडे तो तसा नाही.

१९९६ साली पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणमध्ये घरोघरी जाऊन सांधेदुखी मोजली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागातला हा उपक्रम. ग्रामीण भारतात असं काम फार कमी झालेलं आहे. ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जण, म्हणजे शंभरात अठरा, हाडं-सांधे-स्नायूंच्या दुखण्याचे निघाले. ज्याला आपण आमवात म्हणतो तो ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस साधारण दोनशेत एकाला. उजनीच्या पाण्यावरचे रोहित पक्षी बघायला जाणाऱ्या गाड्या ज्या गावातून जातात, त्या गावाचा हा हिशेब. ही माणसं तोवर काय करत होती? स्वव्यवस्थापनच करत होती! तेल, शेक, बिब्बा, मेडिकलच्या दुकानातून सुटी मिळणारी दुखण्याची गोळी, आणि फारच झालं तर कुणीतरी दिलेलं ‘पॉवरचं’ इंजेक्शन, ज्यात काय होतं ते कोणी विचारलेलं नसतं. ज्याच्या वाट्याला दुसऱ्या कोणाचं व्यवस्थापन कधी आलंच नाही, त्याला जाऊन ‘तुझं तू सांभाळायला शीक’ म्हणणं हा विनोद होईल.

आणि आपल्या भाषेचीही एक अडचण आहे. मराठीत सगळ्याला ‘वात’. गुडघा झिजला, वात. बोटं सकाळी तासभर वळत नाहीत, वात. पायाचा अंगठा रात्रीत लालबुंद सुजला, तोही वात. यातल्या पहिल्यात हालचाल हेच औषध. दुसऱ्यात, म्हणजे आमवातात, वेळेवर मेथोट्रेक्सेटसारखं औषध सुरू झालं नाही तर बोटं कायमची वाकडी होतात. तिथे कितीही आत्मविश्वास वाढवा, सांधा वाचत नाही. नावाची ही सरमिसळ मोडणं हेच मराठीतल्या अशा वर्गाचं पहिल्या दिवसाचं काम असायला हवं. मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. ती चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेततं. सहा आठवड्यांत माणूस एवढं एक शिकून घरी गेला, तरी वेदनेच्या कुठल्याही पट्टीवर न दिसणारं काम झालं.

दुसरा शब्द ‘वंगण’. गुडघ्यातलं वंगण संपलं, गॅप पडली, आता वाटी बदलावी लागेल. ही वाक्यं पेशंटच्या तोंडी आहेत आणि दुर्दैवाने काही डॉक्टरांच्याही. यंत्राची ही उपमा ऐकायला सोपी आणि परिणामाने घातक. वंगण संपलेलं यंत्र चालवलं की आणखी झिजतं, म्हणून शहाणा माणूस ते बंद ठेवतो. गुडघा बंद ठेवला की मांडीचा स्नायू सुकतो, वजन वाढतं, गुडघ्यावरचा भार वाढतो. वजन एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार चार किलोने उतरतो, असं मोजलं गेलं आहे. उलट्या दिशेनेही हिशेब तोच, असं मी धरून चालतो.

माझ्या आत्याला हे वंगणाचं वाक्य बारा वर्षांपूर्वी एका दवाखान्यात ऐकवलं गेलं. तेव्हापासून तिने दुसऱ्या मजल्यावरून उतरणं जवळजवळ सोडलं. दुखणं असं होतं की ती वरणफोडणी उभ्याने करायची, देवपूजा खुर्चीवर बसून करायची, म्हणजे अगदीच काही बसून गेली नव्हती. पण जिना म्हणजे झीज, हे डोक्यात बसलेलं. हा लेख लिहायच्या नादात मी तिच्यावर तो शून्य ते दहाचा प्रयोग केला.

‘आत्या, रोज देवळापर्यंत जाऊन येशील का? दहापैकी किती खात्री?’

‘पाच. आणि ते तुला बरं वाटावं म्हणून.’

‘मग खालच्या वाण्यापर्यंत? आठवड्यातून तीन दिवस?’

‘वाण्यापर्यंत... आठ. पण पिशवी तू उचलायचीस.’

पिशवी अर्थात ठरावात नव्हती. तीन आठवडे ती गेली, चौथ्यात पाऊस लागला आणि थांबली. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, आणि मी वर्ग चालवणारा नाही. मला दिसलं ते एवढंच की तिला माहिती कमी नव्हती. व्हॉट्सअ‍ॅपवर गुडघ्याचे व्यायाम तिला माझ्याहून जास्त आले होते. चौथ्या आठवड्यानंतर ‘का गं, काय झालं’ असं विचारणारे दहा-पंधरा जण नव्हते, तेवढं कमी पडलं.

असे दहा-पंधरा जण जमवणं महाराष्ट्राला अवघड जाऊ नये. भजनी मंडळं आहेत, बचत गट आहेत, प्रत्येक उपनगरात ज्येष्ठ नागरिक संघ आहे. पण स्टॅनफर्डचं टिपण जसंच्या तसं मराठीत उतरवून भागणार नाही. तिथल्या टिपणात उकिडवं बसून भांडी घासणं नाही, भारतीय पद्धतीचा संडास नाही, पंगतीत मांडी घालावी लागणं नाही, भातलावणीत दिवसभर वाकणं नाही. खुरपणीच्या दिवसांत ‘विश्रांती आणि काम यांचा समतोल साधा’ असं रोजंदारीवरच्या बाईला सांगणाऱ्याने आधी तिचा त्या दिवसाचा पगार खिशातून काढावा. दुपारचे दोन तास घराबाहेर कोणाला निघता येतात, हा प्रश्नही वर्गाच्या यशापयशाचाच भाग आहे. नाही तर वर्गाला तेच येतील ज्यांना त्याची गरज सर्वांत कमी, आणि आकडे मात्र छान दिसतील.

म्हणून अशी योजना कोणी आणलीच, तर मी तिच्या कागदात पहिल्यांदा ‘खर्चात बचत’ हे शब्द शोधीन. ते असतील तर ब्रिटनची चूक पुन्हा होणार. वर्गासोबत फिजिओथेरपिस्ट किती, आमवाताचा संशय आला तर तालुक्याच्या ठिकाणाहून माणसाला संधिवाततज्ज्ञापर्यंत पोचवणार कोण, हे लिहिलेलं नसेल तर ती योजना लोकांना आपापल्या नशिबावर सोडण्याचं सभ्य नाव ठरेल. डेन्मार्कने २०१३पासून जो कार्यक्रम चालवला त्यात दोन बैठका शिकवणीच्या आणि बारा व्यायामाच्या, तज्ज्ञासमोर. प्रमाण लक्षात घ्या: दोनास बारा. मिठाच्या पाण्याशी बरोबरी झाली ती याच कार्यक्रमाची, हे मी लपवत नाही. तरी मला निवड करायची झाली तर मी हेच निवडीन, कारण मिठाच्या पाण्याने मांडीचा स्नायू वाढत नाही.

पैसा नाही, हे उत्तर मी इतक्यात मानणार नाही. गुडघ्याच्या वाटीची किंमत ठरवणं सरकारला जमलं आहे: ऑगस्ट २०१७ मध्ये नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या कृत्रिम गुडघ्याला ५४,७२० रुपयांची मर्यादा घातली गेली, आणि ते फार चांगलं झालं. गुडघा बदलण्याला आयुष्मान भारतमध्ये पॅकेज आहे. खाजगी मेडिक्लेमही सहसा रुग्ण चोवीस तास भरती झाला की पैसे देतो. आत्याने उद्या शस्त्रक्रिया करून घेतली तर कोणीतरी दीड-दोन लाख भरेल. फिजिओकडच्या बारा बैठकांची पावती मी तिच्या विमा एजंटला दाखवली, तेव्हा तो हसला आणि म्हणाला, ‘हे ओपीडीत येतं साहेब, हे नाही मिळत. त्यापेक्षा ऑपरेशनच करून टाका.’